डाव्या अंगाच्या शेवटच्या दाढेची बखर

श्री मुखदेवता समर्थ. श्रोते सावध असावे, आणि ज्यांचे सर्व दात शाबूत आहेत त्यांनी विशेष सावध असावे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक मासी, श्रीमंत सबनीस यांचे मुखराज्यात डाव्या अंगाच्या शेवटच्या दाढेखालील तट ढासळला, आणि पुढे तो कैसा उभा राहिला, याची हकीकत पुसिली, ती येणेप्रमाणे. कोणी पुसिली म्हणाल, तर कोणीही नाही. पुसणारे एक माणूस या दरबारी होते, ते गेले, आणि तेव्हापासून आम्ही न पुसताच सांगत असतो. राज्य म्हणावे तर लहान. वर एक ओळ, खाली एक ओळ, मिळोन बत्तीस बुरूज पूर्वी होते, त्यांतील कित्येक पडले, राहिले ते आपापले जागी उभे. बुरूज म्हणजे दात, बुरुजाभोवतालचा तट म्हणजे हिरडी, आणि तटाखालील खडक म्हणजे जबड्याचे हाड. बुरूज खडकात नुसता रोवलेला नसतो, बारीक दोरांनी चहूंकडून बांधलेला असतो, आणि ते दोर कोणास दिसत नाहीत म्हणोन त्यांची किंमतही कोणी करीत नाही. बखरकाराचे नाव लिहिण्याची रीत नाही, परंतु ठिकाण सांगतो. बुरुजांचे आत, मधोमध, ओल्या जागी आमचा मुक्काम, अंगात हाड नाही, आणि बोलणे हा वतनी धंदा. लोक आम्हांस जीभ म्हणतात.

राणीसाहेब होत्या तोवर आमचे वतन बरे चालत होते. श्रीमंत सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवीत, भाजीस मीठ कमी म्हणत, शेजारच्या गॅलरीतील कबुतरांवर भाषण करीत, आणि आम्हांस क्षणाची उसंत नसे. रात्रीचे जेवण आटोपले म्हणजे राणीसाहेब ओटा पुसता पुसता स्वयंपाकघरातून हाक देत, "अहो, दात घासले का?" आणि श्रीमंत आरामखुर्चीत बसल्या जागेवरून म्हणत, "घासले हो." घासलेले नसत. परंतु खोटे बोलून झाल्यावर श्रीमंतांस लाज वाटे, आणि मग ते गुपचूप उठून बेसिनपाशी जात आणि घासून येत. ऐसा हा शिरस्ता चाळीस वर्षे चालला, आणि राज्यातील सर्व बुरूज या एका खोट्यावर उभे होते म्हटले तरी चालेल. मग मागील साली राणीसाहेब कैलासवासी जाहल्या. तेरावा जाहला, मंडळी पांगली, कन्या दूर देशी असते ती विमानाने आली आणि विमानाने गेली, आणि घरात श्रीमंत एकले राहिले. दूध-बिस्कीट, दह्यात कालवलेले पोहे, कधी डबेवालीची पोळी, ऐसे काहीतरी उभ्याने खावे आणि दिवा घालवून पडावे. हाक कोणी देईना, म्हणोन खोटे बोलणे नाही, आणि खोटे बोलणे नाही म्हणोन लाजही नाही, आणि लाज नाही म्हणोन बेसिनपाशी जाणेही राहिले. आमचे काम म्हणाल, तर रविवारी कन्येचा फोन येई तेव्हा तीन वाक्ये. "बरा आहे. जेवलो. तू कशी आहेस?" बाकी सारा आठवडा आम्ही ओल्या जागी पडून राहत होतो, आणि लाळ गिळण्यापलीकडे आम्हांस कोणी काम सांगत नव्हते. फार वाईट दिवस होते.

ऐसे पाहून गनीम आला. गनीम मोठा नव्हे, डोळ्यांस न दिसणारा, परंतु संख्येने अपार. पोह्यांचा चिकटा, बिस्किटाचा लगदा धरून तो बुरुजाचे पायथ्याशी छावणी करून बसला, आणि छावणी उठवणारा कोणी नसल्याने तिचाच पुढे दगड जाहला, आणि दगडाआड बसून तो तटास चाटू लागला. डाव्या अंगास खाली तेव्हा एकच दाढ उरली होती. तिचा किल्लेदार रखमाजी, जुना, भरवशाचा माणूस, शेजारची दाढ पडली तेव्हापासून त्याचे दोहों बाजूंस मोकळी जागा. त्यास जोड काय ती वरच्या ओळीत, बरोबर समोर, एक दाढ. घास आला म्हणजे वरची खाली टेके आणि दोघांची भेट होई, एरव्ही भेट नाही. या जोडीचे महत्त्व पुढे येईल, म्हणोन ध्यानी ठेवावे. रखमाजीने धोका ओळखून वर्दी दिली, आणि रक्ताचे वाटेने सरनोबत धारराव पांढऱ्या पेशींच्या फौजेसह दाखल जाहले. वाटा रुंद केल्या, पाणी आत घेतले, आगी पेटवल्या, आणि तट लाल जाहला, सुजला, ऊन लागू लागला, घास लागता रक्त येऊ लागले. वैद्यलोक यास दाह म्हणतात आणि लोक त्यास रोग समजतात. वास्तविक ती आपलीच फौज असते.

आता या राज्यात एक मोठी चांगली व्यवस्था आहे, ती सांगितल्याविना पुढील गोष्ट कळणार नाही. तटास कोठेही इजा जाहली की रक्तातून निरोप पोहोचविणारे हलकारे सुटतात. वैद्यांचे पोथीत त्यांस वृद्धिघटक ऐसे जड नाव आहे, आम्ही हलकारेच म्हणतो. त्यांचेपाशी हत्यार नाही, एक एक हाक मात्र असते. कोणी विणकरांस हाक देतो की या आणि तटाचे वस्त्र विणा, कोणी रक्ताच्या नव्या वाटा पाडणारांस बोलावतो, कोणी खडकाचे गवंड्यांस आणि दोर वळणारांस उठवतो. आणि हलकाऱ्याचे आयुष्य ऐसे की ज्याचे दारी हाक पोहोचली त्याचे दारीच तो संपतो, परत येत नाही. हाक मात्र आत उतरते आणि काम सुरू होते. परंतु धाररावांचे फौजेने या वेळी आकांत मांडला होता. गनीम दगडाआड, हाती लागेना, म्हणोन शिपाई दिसेल त्यावर तेजाब फेकत, आणि त्यात हलकारे वाटेतच जळत, विणकरांनी विणलेले वस्त्र उसवत, आणि खालचा खडकही विरघळू लागला. रखमाजी धाररावांकडे गेला आणि मुजरा करून म्हणाला, "सरनोबत, गनिमाने नेला त्याहून अधिक तट तुमच्या लोकांनी नेला. आमचे हलकारे तुमच्याच छावणीत मरताहेत. काही दिवस हात आखडता घ्यावा." धारराव थकलेले होते, डोळे लाल, आणि म्हणाले, "गनीम आहे तोवर फौज हलत नाही. आम्हांस हुकूम तैसा आहे." रखमाजी म्हणाला, "तट उरला नाही तर राखाल काय?" धाररावांनी पुढील तुकडीस कूच फर्मावले. त्यांस तरी दुसरे काय येत होते? लढण्यावाचून दुसरा हुकूम वरून आला नव्हता, आणि वर श्रीमंत खिडकीपाशी बसून कबुतरांकडे पाहत होते आणि त्यांस काही बोलतही नव्हते.

मार्गशीर्षात एके दिवशी श्रीमंतांनी डबेवालीची भाकरी डावीकडे घेतली आणि दाढ हलली. कळ मस्तकात गेली. तेव्हा श्रीमंत रिक्षा करून दातांचे वैद्यबाईंकडे गेले. बाई वयाने कन्येएवढ्या, हात हलका, जिभेस बाजूला सारताना आम्हांस त्यांनी उगाच दडपले नाही हे येथे नमूद करतो. त्यांनी यंत्राने दगड खरवडून काढला आणि म्हणाल्या, "सबनीस काका, आता रोज दोन वेळा ब्रश, आणि दीड महिन्यानं परत दाखवायला या. नक्की या हं." श्रीमंत हो म्हणाले. इकडे दगड गेला, गनिमाची पळापळ जाहली, आणि धाररावांचे फौजेस प्रथमच मोकळीक मिळाली. शिपाई फार मेले होते. तेव्हा धाररावांनी एक एक मेलेला शिपाई उचलून आपल्या पोटात घेतला, ऐसीच या फौजेत अंत्यसंस्काराची रीत आहे, आणि ते करता करता त्यांची वृत्ती पालटली. तेजाबाचे बुधले ठेवून दिले, आणि ज्या तोंडाने मारा म्हणत त्याच तोंडाने ते हलकारे धाडू लागले, की गवंडी बोलवा, विणकर बोलवा. आम्ही हे पाहिले आणि आमचा ऊर भरून आला. फौजेचा माणूस आपली मेलेली माणसे पोटात घालून गवंड्यांचा मुकादम होतो, हे थोडे नव्हे.

परंतु येथेच घात जाहला, आणि तो कोणा गनिमाने केला नाही, राज्याच्या चालीने केला. चाल ऐसी की जखमेच्या जागी जो आधी पोहोचेल त्याची जागा. आता तटाचे वरचे अंगास गिलावा करणारे कातडीचे कारागीर राहतात, ते पायांचे चपळ, त्यांस हाक ऐकू येण्याचा अवकाश की निघाले. खडकाचे गवंडी आणि दोर वळणारे मात्र खोल राहतात, सावकाश उठतात, कमरा धरून येतात. मग काय, गिलावेवाले भराभर उतरले आणि भेगेच्या तळापर्यंत आतून गुळगुळीत गिलावा करून मोकळे जाहले, आणि गवंडी हत्यारे घेऊन येतात तो जागा भरलेली. ते चालीप्रमाणे मुकाट परत गेले. बाहेरून तट गुलाबी, घट्ट, पाहणाऱ्याने वाहवा करावी ऐसा, आणि आत बुरूज व तट यांमध्ये खोल पोकळी, ना दोर, ना खडक. श्रीमंतांनी आरशात ओठ ओढून पाहिले. रक्त येत नाही, सूज नाही, म्हणाले बरे झाले, आणि वैद्यबाईंकडे परत गेले नाहीत, आणि ब्रशही पुन्हा सुटला. रखमाजी आतून सांगत होता की आम्ही पोकळीत उभे आहोत. आम्ही त्याचे अंगास अंग लावून पाहत होतो आणि तो हलत होता. ऐकणार कोण?

चैत्रात पाडवा जाहला, श्रीखंडाची वाटी शेजाऱ्यांनी आणून दिली, ती श्रीमंतांनी एका अंगाने खाल्ली, आणि पुढील आठवड्यात तट पुन्हा सुजला. पोकळीत गनीम नव्याने नांदत होता. आमचे कडेस पुवाची चव आली, तिचे वर्णन करीत नाही. श्रीमंत पुनः वैद्यबाईंपुढे खुर्चीवर आडवे जाहले. बाईंनी मापाच्या खुणांची बारीक सळई दाढेचे कडेने आत सोडली, ती जात राहिली, आणि बाईंचा चेहरा उतरला. "काका, वरून भरलंय, खालून काहीच नाही. खूप खोल गेलंय." श्रीमंत म्हणाले, "मग काढून टाका. एवीतेवी एकटा माणूस, चावून चावून खायचंय काय?" बाईंनी सळई तबकात ठेवली. मग म्हणाल्या, "काढता येईल. पण वरची जी दाढ आहे ना, ती हिच्यावर टेकते. ही गेली की तिला टेकायला काही राहत नाही. मग ती हळूहळू आपली जागा सोडून खाली यायला लागते. तिला काही आजार नसतो, तरी जाते." श्रीमंत छताकडील दिव्याकडे पाहत राहिले. आम्ही तोंडात होतो, म्हणोन आम्हांस ठाऊक, की त्यांनी आम्हांस त्या दाढेपाशी नेले आणि तेथेच टेकवून ठेविले. मग ते म्हणाले, "वाचवता येईल का?" बाई म्हणाल्या, "प्रयत्न करू. पूर्वीसारखं सगळं भरेल असं नाही सांगत. आणि काका, हाड भरायला मी मदत करीन, पण रोज रात्री ब्रश केलात का विचारायला मी येणार नाही." श्रीमंत म्हणाले, "विचारणारी होती." बाईंनी मान हलवली आणि पुढील तारीख लिहून दिली. मोठ्या समजुतीच्या बाई.

नेमल्या दिवशी श्रीमंत गेले. बाईंनी पुसिले, "सोबत कोण आलंय?" श्रीमंत म्हणाले, "कोणी नाही. रिक्षानं आलोय, रिक्षानं जाईन." मग बाईंनी एक चमत्कार केला. श्रीमंतांचे उजवे दंडास पट्टा बांधून नळीभर रक्त काढले, ते यंत्रात घालून गरगर फिरवले, आणि थांबले तेव्हा नळीत मधोमध पिवळसर, लिबलिबीत, दह्याचे कवडीसारखा गोळा जमला होता. तो दाबून त्यांनी पातळ पडदा केला. श्रीमंतांनी विचारले, "हे काय औषध?" बाई म्हणाल्या, "औषध नाही काका, तुमचंच रक्त आहे. जखम भरायला जे लागतं ते यात गच्च भरलेलं असतं. ते मी फक्त गोळा करून जिथं पाहिजे तिथं ठेवतेय." श्रीमंत म्हणाले, "म्हणजे बाहेरून काही नाही?" "काही नाही." मग तट उघडला, पोकळीतील जुना गिलावा, गनीम, दगड, सारे खरवडून धुऊन काढले, तो पडदा आत अंथरला, वर तट ओढून टाके घातले, आणि बाई म्हणाल्या, "टाके निघेपर्यंत या बाजूला ब्रश नाही, नुसतं औषधाच्या पाण्यानं चूळ भरायची. आणि पहिले काही दिवस फार बोलू नका." श्रीमंत बधिर ओठांनी कसेबसे हसले आणि म्हणाले, "ते पाळणं सोपं आहे." आम्ही ते ऐकिले आणि आम्हांस हसू आले नाही.

पडद्याचे आत रखमाजी किल्लेदार जागा होता. त्याने पाहिले तो अंधारात हलकारेच हलकारे, पूर्वी कधी पाहिले नाहीत इतके, पडद्याचे धाग्याधाग्यास धरून बसलेले. त्यांतील कावजी नामे एक म्हातारासा जवळ होता, त्यास रखमाजीने पुसिले, "तुम्ही कोठील?" कावजी म्हणाला, "श्रीमंतांचे उजवे हाताकडील. आमचे आयुष्य हातात गेले. कोठे बोट कापले तर धावावे, इतकेच. या राज्याचे नाव ऐकून होतो, येणे घडले नव्हते." रखमाजी म्हणाला, "दुसरे कोणी येणार आहे?" कावजी म्हणाला, "दुसरे कोण येणार? श्रीमंतांचे श्रीमंतच आहेत. आम्ही आलो, ते पुरे पडेल ऐसे पाहू." मग ते एकदम न सुटता थोडे थोडे सुटू लागले, आज काही, उद्या काही. गिलावेवाले शिरस्त्याप्रमाणे धावत आले, तो पुढे पडदा. त्यांनी पडद्यावरूनच गिलावा केला आणि आपले काम जाहले म्हणोन निघून गेले, कोणाचा राग ना रुसवा. आणि धारराव या खेपेस आले ते थोडक्या फौजेनिशी, सफाई करून, मेलेले पोटात घेऊन, लवकर शांत जाहले. मग खोलवरून गवंडी निघाले, दोर वळणारे निघाले, कमरा धरून, वाटेत बसत उठत, आणि येऊन पाहतात तो काय, जागा मोकळी. आपणांसाठी जागा राखलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांतील एकजण नुसताच उभा राहिला. तेव्हा कावजी त्याचे दारी गेला आणि म्हणाला, "बांधा. ही तुमचीच जागा." आणि हाक देऊन जाहल्यावर कावजी तेथेच संपला. रखमाजीने त्यास पुष्कळ शोधिले. सापडला नाही. परंतु पायाखाली दोर वळल्याची खसखस ऐकू येऊ लागली होती.

टाके निघाले, ज्येष्ठ गेला, श्रावण गेला, दिवाळीही एका पणतीवर जाहली. बाईंनी पुन्हा सळई घातली, छायाचित्र काढिले, आणि म्हणाल्या, "छान आहे काका. निम्म्याहून जास्त भरलंय." सर्व खडक भरला ऐसे आम्ही लिहीत नाही, कारण भरला नाही. एका कडेस उणेपण राहिले आहे आणि रखमाजी पावसाळी हवेत अजून किंचित डुलतो. परंतु उभा आहे. घरी येऊन श्रीमंतांनी त्या दिवशी पहिल्यानेच ताट वाढून घेतले, बसून जेवले, आणि भाकरीचा तुकडा शेंगदाण्याच्या चटणीस लावून डावीकडे घेतला. वरची दाढ खाली आली आणि टेकली. एक वर्ष जाहले होते. दोघे किल्लेदार एकमेकांस काय बोलले ते आम्ही मध्ये असून ऐकिले नाही, घास फिरविण्याचे काम आम्हांस होते. मग श्रीमंतांनी आपले ताट आपण घासले, ओटा पुसला, आणि बेसिनपाशी गेले, आणि कोणी न पुसता दात घासले, डावी बाजू हळू, हिरडीचे कडेने, बाईंनी दाखविले तैसे. चूळ भरली. ब्रश पेल्यात ठेविला. पेल्यात दुसरा एक ब्रश अजून उभा होता, तो श्रीमंतांनी काढिला नव्हता. आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, जेथे दिवा नव्हता आणि माणूसही नव्हते, श्रीमंतांनी आम्हांस उचलिले आणि मोठ्याने म्हणाले, "घासले हो."

येणेप्रमाणे डाव्या अंगाचे तटाचे वर्तमान. फौज लढली, हलकारे खर्ची पडले, गवंडी उशिरा आले, आणि बुरूज राखिला. त्या दिवशी आम्हांस दोनच शब्दांचे काम पडले. परंतु चाळीस वर्षे तेच दोन शब्द रोज बोलत आलो, आणि खरे ते या वेळी पहिल्यानेच बोललो. ऐकायला त्या असायला हव्या होत्या. लेखनसीमा.